वर्षातून दोनदा पेटणारी चूल

जवाच्या पिठाला विरी नसते, हे मला नॉर्वेतल्या बर्गेनला आल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं.

ज्वारीच्या पिठाची विरी जाते, हे लहानपणापासून ऐकलेलं. दळण आणून पंधरा-वीस दिवस झाले की आई पिठात बोटं घालायची, चिमूटभर तोंडात टाकायची आणि म्हणायची, "विरी गेली गं याची." मग त्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरा पडायच्या आणि परातीतून उचलताना ती हमखास मोडायची. आईचा उपाय ठरलेला होता. पाणी उकळायचं, पिठात ओतायचं, झाकण ठेवायचं आणि हाताला सोसवेल तेव्हा मळायला घ्यायचं. विरी म्हणजे नेमकं काय, ते तिने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पिठाची पिठाला धरून राहण्याची ताकद, एवढं हाताला माहीत होतं.

नॉर्वेतला फ्लाटब्रो मी पहिल्यांदा खाल्ला तो ऑफिसातल्या एका जेवणात. (लिहिताना शेवटी 'ड' असतो, पण तो उच्चारत नाहीत.) मटणाचा आणि कोबीचा रस्सा होता, फोरिकोल नावाचा, आणि शेजारी लाकडी ताटलीत पापडाहून थोडे जाड, फिकट करडे, हाताएवढे तुकडे. मी एक मोडला. तो आवाज ऐकून मी घास तोंडात न घालता तशीच थांबले. आमच्या सोलापुरात कडक भाकरी मोडताना येतो तो हुबेहूब हा आवाज. मूठ मारली की चारी बाजूंना तडे जातात आणि मधला तुकडा ताटातून उडतो, तो. खाल्ला तर चव वेगळी, किंचित गोडसर, धुरकट. पण दाताखालचं खुटखुटणं तेच.

त्या रविवारी मी जवाचं पीठ आणलं. पुड्यावर कृती छापलेली होती: जवाचं पीठ, थोडं गव्हाचं, मीठ, पाणी, पातळ लाटा आणि भाजा. मी नळाचं पाणी घेऊन मळलं. पहिला गोळा लाटताना पोळपाटावर नकाशा झाला. दुसरा लाटला गेला, पण उचलताना दोन तुकडे झाले. तिसऱ्याला बोटांना ती जुनी खूण पटली. पिठाला विरी नव्हती. मी पाणी उकळत ठेवलं, नवं पीठ घेतलं, आईसारखी उकड काढली, आणि चौथा गोळा कडेला एकही चीर न पडता पसरत गेला. आनंदाच्या भरात तवा भाकरीसारखा सणसणीत तापवला. फ्लाटब्रो टाकताक्षणी करपला, धूर झाला, छताला लावलेलं धुराचं यंत्र कोकलायला लागलं, आणि दोन मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या आजी दारात उभ्या राहिल्या.

नॉर्वेत सगळे सगळ्यांना 'दू' म्हणतात, म्हणजे 'तू'. शिक्षकाला, डॉक्टरला, ऐंशी वर्षांच्या शेजारणीलाही. मी त्यांच्याशी बोलताना तोंडाने 'दू' म्हणते आणि मनात अहो-जाहो करते. अकरा वर्षं झाली, तरी मनाची सवय गेलेली नाही. आजींनी खिडकी उघडली, तव्याकडे पाहिलं, करपलेला तुकडा उचलून उजेडात धरला.

"पातळ चांगला लाटलायस," त्या म्हणाल्या. "पण तवा फार तापलाय. फ्लाटब्रो भाजत नाहीत गं, वाळवतात."

मग त्यांनी माझा गॅसचा तवा बाजूला सारला, खाली जाऊन स्वतःचं 'ताक्के' घेऊन आल्या, आणि माझ्या ओट्यावर शिकवणी सुरू झाली. ताक्के म्हणजे मोठा, सपाट, बिनकडेचा गोल तवा. त्यांचा विजेवर चालणारा होता, परातीहून मोठा.

वाळवतात हा शब्द मला तेव्हा नीट कळला नव्हता. तो कळायला नॉर्वेची जमीन आणि पाणी समजून घ्यावं लागलं.

या देशाची जेमतेम तीन टक्के जमीन लागवडीखाली आहे. उरलेलं डोंगर, खडक, जंगल आणि पाणी. उन्हाळा आखूड. गहू इथे फार ठिकाणी भरवशाने पिकत नसे. पिकायचे ते जव आणि ओट. जव थोड्या दिवसांत पिकतो, थंडी सोसतो, थेट उत्तरेकडेही कणसं धरतो. पण त्याच्या पिठात गव्हासारखं ताणलं जाणारं चिवट जाळं तयार होत नाही. आंबवलं तरी वाफ आणि वायू धरून ठेवायला आत काही नाही, म्हणून ब्रेड फुगत नाही. जे पीठ फुगत नाही ते पसरवायचं. ज्वारी-बाजरीच्या मुलखात आपण जे केलं तेच यांनी जवाच्या मुलखात केलं, आणि उकळतं पाणी घालून पिठातला स्टार्च फुलवून चिकट करायची युक्तीही दोघांना आपापली सापडली. इथवर रस्ता एकच.

पुढे तो फुटतो, आणि तो फुटतो पाण्यामुळे. जुन्या काळी इथल्या शेतकऱ्यांचं दळण ओढ्यावरच्या लहान पाणचक्क्यांवर व्हायचं. लाकडी खोपटं, खाली आडवं चाक, वर जात्याच्या दोन तळ्या. ओढा हिवाळ्यात गोठायचा आणि भर उन्हाळ्यात आटायचा. चक्की जोरात फिरायची ती वसंतात बर्फ वितळल्यावर आणि शरदातल्या पावसात. म्हणजे पीठ यायचं ते वर्षातून दोनदा, पोत्यांनी. ते तसंच ठेवलं तर ओल धरणार, किडणार, कडवट होणार. म्हणून पीठ आलं की सगळं एकदमच भाजून टाकायचं. दोन हंगाम, दोन मोठ्या भाजण्या, आणि मधले सगळे महिने ती चळत खायची. पाण्याचा अंश जवळजवळ पूर्ण गेलेला असतो, त्यामुळे बुरशीला धरायला जागा राहत नाही. कोरड्या जागी ठेवलेला फ्लाटब्रो महिनोन् महिने टिकतो. बाळाच्या बारशाला भाजलेला फ्लाटब्रो त्याच्या लग्नात वाढायचे, असं इथे कौतुकाने सांगतात.

ठेवायची जागाही तशीच विचाराने बांधलेली. शेतावरच्या कोठाराला 'स्टाबूर' म्हणतात. ते जमिनीवर टेकलेलं नसतं, खांबांवर उचललेलं असतं, आणि पायऱ्या मुद्दाम दारापासून हातभर अलीकडे संपतात, म्हणजे उंदीर चढू शकत नाही. खालून वारा खेळतो. आत वाळवलेलं मटण टांगलेलं, धान्याच्या पेट्या, आणि फ्लाटब्रोच्या पुरुषभर उंचीच्या चळती. ऑस्लोत ब्युगडॉयला लोकजीवनाचं मोठं संग्रहालय आहे, १८९४ साली स्थापन झालेलं. तिथे देशभरातून उचलून आणलेली जुनी घरं उभी केली आहेत. तिथल्या एका स्टाबूरच्या दाराशी मी बराच वेळ उभी होते. शंभर-दीडशे वर्षं झाली तरी लाकडाला सुक्या पिठाचा वास आहे, असं मला वाटलं. शेजारच्या घरात मात्र पर्यटकांसाठी लेफ्से भाजत होत्या, आणि रांग तिकडे होती.

लेफ्से म्हणजे मऊ पोळी. लोणी, साखर, दालचिनी लावून घडी घालून खायची. बटाट्याची लेफ्से आज सगळ्यांची लाडकी, पण बटाटा इथे अठराव्या शतकाच्या मध्यावर आला. चर्चमधले पाद्री प्रवचनात बटाटे लावायला सांगायचे, त्यांना लोक 'बटाटा-पाद्री' म्हणायचे. नेपोलियनच्या युद्धात १८०७ ते १८१४ या काळात समुद्रावर नाकेबंदी झाली, धान्य येईना, लोकांनी झाडाच्या सालीचं पीठ मिसळून भाकरी खाल्ली. त्यानंतर बटाटा घरोघर रुजला. बटाट्याचीच लहान लुंपे आता रस्त्यावर सॉसेज गुंडाळून मिळते. फ्लाटब्रो या दोघींची फार जुनी थोरली बहीण आहे.

किती जुनी, ते मी बोटाने चाचपलं आहे.

पुढल्या वर्षी ऑक्टोबरात आजी मला त्यांच्या माहेरच्या शेतावर घेऊन गेल्या. हार्डांगर फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या काठावर, सफरचंदाच्या बागांच्या वर. घरापासून वेगळं उभं असलेलं दगडी-लाकडी खोपट, 'एल्डहूस', म्हणजे चुलीचं घर. आग लागू नये म्हणून ते मुख्य घरापासून दूर बांधतात. उंबऱ्यापाशी एक सपाट हिरवट दगड पायरीसारखा टाकलेला होता. मी चप्पल काढायला वाकले, पाहते तर त्याच्यावर एकमेकींना समांतर बारीक रेघा. आपल्याकडे पाट्याला टाकी लावलेली असते, अगदी तशा.

"तो बाक्स्टेहेले," आजी म्हणाल्या. भाजायचा दगड. लोखंडी ताक्के येण्याआधी फ्लाटब्रो अशा दगडावर भाजायचे. याच फ्योर्डच्या मुखाशी, ओल्वे आणि हाटलेस्ट्रांड या भागात, त्याच्या खाणी आहेत. साधारण ११०० सालच्या सुमारापासून हे दगड तिथून कापून बोटींनी किनाऱ्यावर सगळीकडे जायचे. हा एका कोपऱ्यात तडकला म्हणून पायरी झाला. मी त्या रेघांवरून बोट फिरवलं. माझ्या आजीचा पाटाही शेवटी परसात न्हाणीच्या तोंडाशी पडला होता.

आत आजींच्या वहिनी आधीच पीठ भिजवून बसल्या होत्या. जव आणि ओट, मीठ, उकळतं पाणी. गोळे लहान संत्र्याएवढे, ओल्या फडक्याखाली. चूल कोपऱ्यात, तिच्यावर लोखंडी ताक्के, खाली बारीक फोडलेली कोरडी लाकडं. जाळ मोठा नाही, पण सगळीकडे सारखा. सकाळचा पहिला तास त्या बाईंनी फक्त जाळ बसवण्यात घालवला. ताक्केवर पिठाची चिमूट टाकायच्या, ती किती वेळात पिवळी पडते ते बघायच्या, एखादं लाकूड मागे ओढायच्या. मला हे बघताना आई चुलीतलं लाकूड पायाने मागे सारते ते आठवत होतं.

आता लाटणं. हे जवळून सांगायला हवं, कारण सगळी कला इथे आहे. आधी गुळगुळीत लाटण्याने गोळा ताटाएवढा करायचा. मग खाचांचं लाटणं घ्यायचं. त्याला आडवे वेढे कोरलेले असतात. खाचांमुळे पीठ फळीला चिकटत नाही आणि लाटण्याखालून हवा सुटत राहते. मधून बाहेर, मधून बाहेर, दाब जवळजवळ नाहीच, नुसतं लाटण्याचं वजन. मध्येच पान अर्ध्यावर उचलून खाली पिठी भुरभुरायची, फिरवायचं, पुन्हा लाटायचं. पान हळूहळू फळीबाहेर जाऊ लागतं, हाताच्या लांबीएवढं रुंद होतं. थांबायचं कधी? वहिनींनी फळीवरच्या लाकडाच्या रेषेवर बोट ठेवलं. ती रेषा पिठाच्या पानातून दिसली की थांबायचं. मग लांब, चपटी, पात्यासारखी काठी पानाच्या मधोमध खालून सारायची आणि उचलायची. दांडीवर ओलं लुगडं टाकावं तसं ते पान काठीच्या दोन्ही अंगांना लोंबतं. तो क्षण श्वास धरायचा. काठी ताक्केच्या मधोमध आणून एक बाजू टेकवायची, आणि काठी गोल फिरवत दुसरी बाजू उलगडत न्यायची. एक सुरकुती पडली तरी तिथे कच्चं राहतं आणि तिथूनच ओल धरते.

वर राहिलेली पिठी झाडायला पक्ष्याचा वाळवलेला अख्खा पंख होता. ब्रश करपतो, कापडाने पान सरकतं. पंखाने फक्त पीठ उडतं. पंख फिरला की पान ओल्या मातीच्या रंगाचं दिसायचं, मग कडेने फिकट होत होत मध्यापर्यंत कोरडं व्हायचं, कडा किंचित उचलल्या जायच्या. तेव्हा काठीने पलटायचं. तीन-चार मिनिटांत पान निघायचं, अंगावर तांबूस ठिपके, करपलेलं कुठे नाही. पहिलं पान निघालं तेव्हा मला 'वाळवतात' हा शब्द कळला. त्याच्या अंगातून पाणी काढून घेतलं जात होतं, हळू, घाई न करता, कुठे जास्त नाही कुठे कमी नाही.

त्या एका पानाला 'लेइव' म्हणतात. गरम लेइव चळतीवर ठेवायचं आणि वर फळी दाबायची, नाहीतर गार होताना वाकडं होतं.

पूर्वी हे काम घरच्या बायका करायच्याच, पण मोठ्या भाजणीला 'बाक्स्टेकोने' बोलवायच्या. भाजणारी बाई. ती हंगामात या शेतावरून त्या शेतावर जायची, आपलं लाटणं आणि काठी घेऊन, एकेका घरी कित्येक दिवस मुक्काम करायची. आजींच्या लहानपणी त्यांच्या घरी अशी एक बाई यायची. पहाटे अंधारात बसायची ती रात्री उठायची. मुलांचं काम लेइव स्टाबूरमध्ये नेऊन ठेवायचं. न मोडलेलं ते चळतीत, मोडलेलं ते मुलांचं. "रोज एक तरी मोडायचंच," आजी म्हणाल्या, आणि दोघी नणंदा-भावजया हसल्या.

दुपारी त्यांनी मला एक गोळा दिला. तुझ्या आईसारखं करून दाखव. मी फळीवरच पाण्याचा हात लावत जवाची भाकरी थापली. ताक्केखालचा जाळ वाढवायला सांगितलं. वहिनींना ते आवडलं नाही, पण त्यांनी लाकूड पुढे सारलं. भाकरी टाकली, वर पाणी फिरवलं, पलटली, आणि शेवटी निखाऱ्यांवर धरली. ज्वारीसारखी टम्म नाही, पण एका बाजूने फुगली. वाफ निघाली. लोणी लावून तिघींनी वाटून खाल्ली.

"किती दिवस टिकते?" आजींनी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत. रात्री पुन्हा ताज्या करायच्या."

"म्हणजे रोज?"

"रोज. दोन वेळा."

"कोण करतं?"

"आई."

आजी काही बोलल्या नाहीत. बोटांवर काहीतरी मोजत होत्या, मग मोजणं सोडून दिलं. वहिनी म्हणाल्या, "आणि उन्हाळ्यात? गवत कापायच्या दिवसांत?"

मी म्हणाले, उन्हाळ्यातही. सुगीतही. लग्नाकार्यातही. आजारी असली तर शेजारची करते.

तो प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. इथे उन्हाळ्यात गाई-शेळ्या घेऊन बायका डोंगरावरच्या कुरणात जायच्या, 'सेटर' म्हणतात त्याला. आठवडेच्या आठवडे तिथे राहून दूध काढायचं, लोणी-चीज करायचं. खाली पुरुष आणि मुलं गवत कापायची. या सगळ्यात रोज भाकरी करायला कोणाला वेळच नव्हता. तेव्हा वसंतात दोन आठवडे पाठ मोडेस्तोवर लाटलेली चळत कामी यायची. डोंगरावर पिशवीत लेइव, घरी स्टाबूरमध्ये लेइव. चळत संपेपर्यंत भाकरीसाठी चूल नाही. मी आयुष्यभर तव्यावरची गरम भाकरी म्हणजे माया, असं मानत आले. अजूनही मानते. पण त्या मायेत किती सकाळी गेल्या, ते मोजायची वेळ माझ्यावर परक्या चुलीपुढे आली.

या बायकांच्या हातातल्या शहाणपणावर इथे एकदा मोठा वाद झाला होता, भाकरीवरून नसला तरी तिच्याच भावंडावरून, म्हणजे लापशीवरून. पेटर क्रिस्टन आस्ब्यर्नसन यांचं नाव नॉर्वेत लोककथांचा संग्राहक म्हणून घरोघर माहीत आहे. त्यांनी १८६४ साली टोपणनावाने स्वयंपाकाचं पुस्तक लिहिलं आणि त्यात म्हटलं की गृहिणी शिजलेल्या लापशीत शेवटी कच्चं पीठ घालतात ते पोटाला पचत नाही, देशाचं धान्य फुकट जातं. त्याला उत्तर दिलं आयलर्ट सुंट यांनी. सुंट खेडोपाडी हिंडून गरिबांच्या जगण्याचा अभ्यास करणारे. ते म्हणाले, पिढ्यान् पिढ्या बायका असं करत आल्या आहेत तर त्याला कारण असणार, आधी त्यांना विचारा. वर्तमानपत्रांतून ही भांडणं दोन-तीन वर्षं चालली; 'लापशीचा तंटा' असंच तिला नाव पडलं. मला सुंट आवडतात. ज्याने चुलीपुढे बसलेल्या बाईला आधी विचारा म्हटलं, त्याचं ऋण मला वाटतं. विरी हा शब्दही कुठल्या प्रयोगशाळेतून आलेला नाही.

खायचं कशाशी? मीठ लावून वाळवलेल्या मटणाशी, आंबट सायीशी, मुरवलेल्या माशाशी. वर उत्तरेकडे त्रोन्डेलाग भागात सॉड नावाचा मटणाचा रस्सा असतो, त्याच्याशी 'शेन्निंग' म्हणजे गोडसर फ्लाटब्रो. पण मला जे सगळ्यात आपलं वाटलं ते आजींनी त्या संध्याकाळी एल्डहूसच्या पायरीवर बसून केलं. दिवसभरात मोडलेले तुकडे खोल वाडग्यात चुरले, वर आंबूस दूध ओतलं, चमचा दिला. याला 'सॉल' म्हणतात. आपला काला. नखभर साखर घालावी की नाही, यावर नणंद-भावजयीचा वाद झाला. मी मीठ घालून खाल्लं, तेही दोघींनी चाखून पाहिलं. खाली फ्योर्डवर काळोख उतरत होता आणि आत चुलीत उरलेल्या निखाऱ्यांवर चळत गार होत होती. सेहेचाळीस लेइव झाले होते. त्यातले नऊ माझे, आणि त्या नऊंपैकी पाच दाखवण्याजोगे.

आता मी घरी करते ते असं. ५०० ग्रॅम जवाचं पीठ, २०० ग्रॅम गव्हाचं, मीठ, आणि साधारण अर्धा लिटर उकळतं पाणी. लाकडी चमच्याने कालवून झाकून ठेवायचं, कोमट झालं की भरपूर मळायचं. माझा तवा फूटभराचा, म्हणून गोळे लहान. आच मध्यमाच्या खाली. तव्यावर पिठाची चिमूट टाकायची. मनात दहा आकडे मोजून होईपर्यंत ती पिवळी पडली तर आच बरोबर, आधीच तपकिरी झाली तर तवा खाली उतरवायचा. खाचांचं लाटणं आजींनी दिलंय, त्यांच्या आईचं. दोन खाचांत जुनं पीठ दगडासारखं बसलंय, ते मी काढलेलं नाही. बर्गेनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हवेत सदा ओल, त्यामुळे चळत आठवड्याभरात मऊ पडते. मग ओव्हनमध्ये मंद आचेवर पाच मिनिटं ठेवायची; पुन्हा वाजायला लागते.

गेल्या मे महिन्यात सोलापूरला गेले तेव्हा सामानात एक पत्र्याचा डबा होता. पाने तव्यावरून उतरताच गरम असताना चौघडी घातली होती, म्हणजे प्रवासात मोडणार नाहीत. आईने एक घडी उचलून खिडकीपाशी धरली. पलीकडचा नारळ पानातून हिरवट दिसत होता.

"कोणी लाटलं?"

"मी."

तिने कडा बोटाने तपासली, ठिपके पाहिले, नाकाशी धरलं. "जाळ बारीक ठेवलास," एवढंच म्हणाली. मग मूठ मारून मोडलं, शेंगाचटणी आणि दही घेतलं आणि खाल्लं. कडक भाकरी तीही करायची. मी शिकायला पुण्याला निघाले तेव्हा वीस करून दिल्या होत्या, फडक्याने दाबून दाबून, मंद तव्यावर. आता गल्लीतल्या एका बचत गटाच्या बायका करतात, पुडे विकतात. पण स्वतःसाठी तिने कधी साठवणीची केली नव्हती. घरात माणूस आहे तर ताजी व्हायला हवी, हा तिचा नेम. एल्डहूसमधला तो दुपारचा प्रश्न मी तिला सांगितला. ती ऐकत होती, की भांडी लावत होती, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. साडेसहा वाजले होते. या वेळी स्वयंपाकघरातून परातीवर थापण्याचा आवाज येतो. माझ्या जन्मापासून त्या घरात मी त्याच आवाजाने उठते. मी उठून गेले. गॅस बंद होता. ओट्यावर माझा पत्र्याचा डबा, त्यावर कापड, शेजारी दह्याचं भांडं झाकलेलं. आई बाहेर ओसरीत पाय लांब करून, चष्मा लावून पेपर वाचत बसली होती, चहाचा कप जमिनीवर.

"काय गं, बरं नाही का?" मी विचारलं.

तिने पान उलटलं. "आज ते तुझं आहे ना," म्हणाली.